रॅकेटच्या जाळीतून स्वयंरोजगार

यवतमाळ, प्रतिनिधी : बॅडमिंटनचा सामना ऐन रंगात आलेला असतो, जोरकस स्मॅश बसतो आणि 'टण्ण' असा आवाज होऊन रॅकेटची तार तुटते. पुण्या-मुंबईच्या खेळाडूला याचे फारसे काही वाटत नाही. कोर्टाच्या आसपासच कुठेतरी संध्याकाळपर्यंत नवी जाळी विणून मिळते. यवतमाळसारख्या १६ तालुक्यांच्या विस्तीर्ण जिल्ह्यात मात्र, आपल्या गावी ही सोय नसेल तर, तुटलेल्या तारेचा अर्थ वेगळा होतो. रॅकेट कुणाच्या तरी हाती अमरावतीला किंवा नागपूरला पाठवायची. वणीकराला चंद्रपूर जवळ, उमरखेडकराला नांदेड जवळ. तेथे ती केव्हा तयार होईल आणि परत येताना कोण घेऊन येईल, याची वाट पाहत बसायचे. दरम्यान सराव बंद, किंवा मित्राच्या रॅकेटवर भागवाभागवी. शालेय स्पर्धा चार दिवसांवर असेल तर त्या मुलाचा जीव टांगणीला लागतो.

खेळाडूंच्या बोलीत रॅकेटला तारा बसविण्याच्या कामाला 'गटिंग' म्हणतात. एक यंत्र, चार हत्यारे आणि एक टेबल एवढ्यावर घरच्या एका खोलीत हे काम सुरू करता येते. त्यामुळे हा सोपा धंदा आहे, असा समज होतो. काम शिकता येण्यासारखे आहे, यात शंका नाही. मात्र यंत्र विकत घेण्याच्या आधी जो हिशेब करावयास हवा, तो बहुतेक जण यंत्र घरात आल्यानंतर करतात. जिल्ह्यातील तरुणांनी या कामाकडे वळण्यापूर्वी तो हिशेब नीट समजून घ्यावा, यासाठी हा लेखप्रपंच.

टेनिस की बॅडमिंटन?

परदेशात या व्यवसायाविषयी जे लिहिले-बोलले जाते, ते बहुतांशी टेनिसला धरून असते. आपल्याकडे टेनिसचे कोर्ट म्हणजे मोठ्या शहरांतील जिमखाने, क्लब आणि अधिकाऱ्यांच्या वसाहती यांपुरता विषय. महाराष्ट्राचे टेनिस पुण्याभोवती फिरते. २०१८ ते २०२३ या काळात पुण्यातील बालेवाडीच्या क्रीडानगरीत एटीपी मालिकेतील 'टाटा ओपन महाराष्ट्र' ही स्पर्धा भरत असे (२०२१ चा अपवाद). महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले हिने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाच्या साथीने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. हे सारे अभिमानास्पद आहे, पण त्यातून यवतमाळच्या तरुणाच्या यंत्रावर रॅकेट येणार नाही. या जिल्ह्यात केवळ टेनिसच्या भरवशावर गटिंगचे दुकान थाटणे म्हणजे कोरड्या विहिरीवर मोट बांधणे होय.

बॅडमिंटनचे तसे नाही. या खेळाचे महाराष्ट्राशी नाते जुने आहे. १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याचे सुरुवातीचे नियम लिहून काढले आणि काही काळ हा खेळ 'पूना' याच नावाने ओळखला जात असे. आज शहरात बंदिस्त हॉल नसला तरी वसाहतीच्या मोकळ्या जागेत चुन्याने रेषा आखून, हिवाळ्याच्या संध्याकाळी दिवा टांगून बॅडमिंटन खेळले जाते. डॉक्टर, प्राध्यापक, बँक कर्मचारी, वणीच्या कोळसा पट्ट्यातील कामगार-अधिकारी, शाळकरी मुले, गृहिणी असा त्याचा खेळाडूवर्ग आहे. नागपूरच्या मालविका बनसोड हिने जानेवारी २०२२ मध्ये इंडिया ओपन स्पर्धेत सायना नेहवालला हरविले, त्यानंतर विदर्भातील पालकांचे या खेळाकडे लक्ष अधिकच गेले असल्यास नवल नाही. त्यातच शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात, दहावी-बारावीला क्रीडा गुणांची सवलत आहे आणि शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. म्हणजे मुलाच्या हातातील रॅकेटकडे घर केवळ खेळणे म्हणून पाहत नाही.

तेव्हा यवतमाळात गटिंग करावयाचे तर पोटापाण्यासाठी बॅडमिंटन आणि अधूनमधून आलेच तर टेनिस, असे धोरण ठेवणे शहाणपणाचे. दोन्ही खेळांच्या रॅकेट एकाच यंत्रावर विणता येतात, अशी यंत्रे मिळतात. परंतु तार पकडणारे चिमटे दोन्हींसाठी वेगळे लागतात. टेनिसची तार साधारण सव्वा ते १.३५ मिलिमीटर जाडीची, तर बॅडमिंटनची ०.६१ ते ०.७० मिलिमीटर. टेनिसचा चिमटा बॅडमिंटनची तार धरून ठेवू शकत नाही, ती निसटते. यंत्र घेताना 'दोन्ही चालते' एवढ्या तोंडी आश्वासनावर न जाता दोन्ही चिमटे समोर बसवून पाहावेत.

आतड्यापासून नायलॉनपर्यंत

'गट' हा शब्द आला तो आतड्यावरून. जनावरांच्या आतड्यापासून वळलेली दोरी, जिला आपण 'तांत' म्हणतो, तीच पूर्वी रॅकेटला लावीत. कापसाच्या या जिल्ह्यात जुन्या माणसांना तांत सांगावी लागणार नाही. पिंजाऱ्याच्या कमानीला ताणून बसविलेली असे ती हीच. फ्रान्समधील ल्याँ शहरात बाबोला या घराण्याने १८७५ पासून टेनिसच्या रॅकेटसाठी तांत बनविण्यास सुरुवात केली आणि त्या नावाची कंपनी आजही या क्षेत्रात आहे. आतड्याची तार अद्याप मिळते, पण ती महाग असते आणि दमट हवेत लवकर खराब होते. आता टेनिसमध्ये पॉलिएस्टर आणि कृत्रिम गट, तर बॅडमिंटनमध्ये नायलॉनच्या अनेक सूक्ष्म तंतूंपासून बनविलेली तार वापरतात. नाव मात्र गटिंगच राहिले.

तारेच्या निवडीत एक साधे गणित आहे. जाड तार टिकते, बारीक तार अधिक उसळी देते, आवाज छान काढते आणि लवकर तुटते. योनेक्सची ०.७० मिलिमीटर जाडीची 'बीजी ६५' ही तार भारतातील क्लबांमध्ये वर्षानुवर्षे चालत आली आहे, त्यामागे तिचा टिकाऊपणा हेच कारण होय. नवख्या व्यावसायिकाने दहा प्रकारच्या तारांचा साठा करण्यापेक्षा एक जाड आणि एक मध्यम, अशा दोनच प्रकारांची रिळे ठेवावीत. ग्राहकाला फार पर्याय दिले की तो गोंधळतो आणि भांडवल कपाटात अडकून पडते.

पाउंडाची भानगड

रॅकेटच्या जाळीचा ताण पाउंडात मोजतात. बॅडमिंटनला साधारण १८ ते ३०, टेनिसला ४० ते ६५ पाउंड. २४ पाउंड म्हणजे जवळपास ११ किलो. प्रत्येक तार ओढताना यंत्र तिला तेवढ्या वजनाने ताणते. बॅडमिंटनच्या रॅकेटमध्ये बहुधा २२ उभ्या तारा असतात. २४ पाउंडांप्रमाणे हिशेब केला तर केवळ उभ्या तारांचाच एकत्रित ताण ५२८ पाउंड, म्हणजे सुमारे २४० किलो होतो. आणि ज्या रॅकेटवर हा भार पडतो, तिचे वजन असते ८०-९० ग्रॅम! चुकीच्या क्रमाने तारा ओढल्या तर रॅकेट यंत्रावरच का मोडते, हे यावरून ध्यानात येईल.

ताण कमी असेल तर फुलाला उसळी सहज मिळते, हाताला त्रास होत नाही. ताण जास्त असेल तर नेमकेपणा येतो, पण त्यासाठी मनगटात ताकद आणि फटक्यात शिस्त हवी. दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या खेळाडूचा आकडा सांगून 'मलाही ३० पाउंड करून द्या' असा हट्ट धरणारा बारा वर्षांचा मुलगा दुकानात येणारच. त्याच्या हाताला १९-२० पाउंड पुरे असतात. त्याच्या हट्टापायी ३० पाउंड करून दिले तर कोपर दुखेल, तार लवकर तुटेल आणि रॅकेटवर छापलेल्या कमाल मर्यादेपेक्षा तो आकडा जास्त असला तर फ्रेमही जाईल. ही मर्यादा बहुतेक रॅकेटवर दांडा आणि चौकट जिथे जुळतात त्या भागाजवळ लिहिलेली असते. ती वाचून दाखविणे आणि प्रसंगी काम नाकारणे, हेही या धंद्यातले कसब आहे.

येथे एक गोष्ट ग्राहकाला सहसा कुणी सांगत नाही. यंत्रावर लावलेला २४ हा आकडा आणि जाळीत प्रत्यक्ष राहिलेला ताण, हे दोन्ही एक नसतात. यंत्रावरून उतरताच ताण थोडा घटतो, पुढच्या एक-दोन दिवसांत आणखी घटतो आणि नंतर हळूहळू घटतच राहतो, मग रॅकेट खेळा अथवा खुंटीला टांगून ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ अंशांच्या पुढे जातो. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या डिकीत रॅकेट ठेवली तर जाळी आणखी लवकर सैल पडते. शिवाय एकाच्या यंत्रावरचे २४ आणि दुसऱ्याच्या यंत्रावरचे २४ यांत फरक असू शकतो. यंत्राची जात वेगळी, चिमट्याची पकड वेगळी, विणणाऱ्याचा हात वेगळा. म्हणूनच ग्राहक आकड्यावर नव्हे तर सातत्यावर पैसे मोजतो. मागच्या वेळी जशी जाळी लागली होती, तशीच यावेळी लागली पाहिजे.

कापूस घेऊन जिनिंगवर किंवा बाजार समितीत गेलेल्या माणसाला काट्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. काट्यात खोट निघाली की व्यापाऱ्याचे नाव गावभर होते. गटिंगच्या यंत्राचेही तसेच आहे. साधा ताणकाटा, म्हणजे हुकाला अडकवून ओढण्याचा स्प्रिंगचा किंवा डिजिटल काटा, यंत्राला आणि तारेच्या तुकड्याला जोडून दर महिन्याला यंत्र खरे ओढते की नाही, हे तपासून पाहावे. ग्राहकासमोर तपासले तर अधिकच चांगले.

यंत्र कोणते घ्यावे?

यंत्रांचे मुख्य प्रकार तीन. पहिला वजनाचा. यात एका दांड्यावर सरकणारे वजन असते आणि वजन दांड्यावरील ज्या आकड्याशी आणून बसवावे, तेवढा ताण मिळतो. दांडा जमिनीला समांतर आला की ओढ बरोबर झाली असे समजावयाचे. तत्त्व जुन्या तराजूचेच. हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत हळू. पण वजन खाली ओढत राहत असल्याने तार थोडी लांबली तरी ताण कायम राहतो, शिवाय त्याला वीज लागत नाही. दुसरा हँडलचा. हँडल फिरविले की स्प्रिंग दाबली जाते आणि ठरलेला ताण येताच यंत्र जागच्या जागी अडकते. काम भराभर होते, मात्र अडकल्यानंतर तार किंचित सैल होते, त्यामुळे त्याच आकड्याला वजनाच्या यंत्रापेक्षा जाळी थोडी मऊ लागते. तिसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक. आकडा टाकला की मोटर ओढते आणि ताण टिकवून धरते. वेग आणि अचूकपणा दोन्ही उत्तम, किंमतही तशीच.

दुकानात इलेक्ट्रॉनिक यंत्र झळकले की ग्राहकावर छाप पडते, हे खरे. तरीही प्रस्तुत प्रतिनिधीचे मत असे, की जिल्ह्यातील नव्या माणसाने सुरुवात वजनाच्या यंत्रावर करावी. वेळ लागतो, पण सुरुवातीला ग्राहकच कमी असल्याने वेळेची टंचाई नसते. वीज गेली तर काम अडत नाही. आणि काम जमले नाही, तर बुडणारी रक्कम झेपणारी असते. पैसे वाचवायचे ते यंत्राच्या झगमगाटावर वाचवावेत, रॅकेट धरणाऱ्या आधारांवर नव्हे. बॅडमिंटनची चौकट नाजूक असते, त्यामुळे तिला दोनच ठिकाणी धरणाऱ्या यंत्रापेक्षा सहा ठिकाणी आधार देणारे यंत्र घ्यावे. तार धरणारे चिमटे यंत्राला पक्के जोडलेले असतील तर काम अधिक एकसारखे होते, सुटे चिमटे स्वस्त पण जिकिरीचे.

याखेरीज बारीक टोकाची आरी, तार कापण्याची कात्री, लांब चोचीची पक्कड, मोजपट्टी आणि निरनिराळ्या मापांची ग्रोमेट एवढे साहित्य लागते. ग्रोमेट म्हणजे चौकटीच्या भोकांत बसविलेल्या प्लास्टिकच्या छोट्या नळ्या. त्या फुटल्या की चौकटीच्या धारेवर घासून तार तुटते. एक-दोन ग्रोमेट बदलून दिली तर ग्राहकाची पुढची तार वाचते. यासाठी वेगळे पैसे घ्यावेत की न घ्यावेत, हे ज्याचे त्याने ठरवावे. न घेणाऱ्याकडे माणूस पुन्हा येतो, असा सर्वच दुरुस्तीच्या धंद्यांतला अनुभव आहे.

हात कसा बसतो?

बाज विणताना पाहिलेल्या माणसाला गटिंगचे अर्धे काम समजलेले असते. आधी उभ्या तारा ताणायच्या, मग आडवी तार एकीच्या वरून, दुसरीच्या खालून अशी ओवत न्यायची. फरक एवढाच, की बाज थोडी वाकडी झाली तरी झोप लागते.

काम सुरू होते ते जुनी जाळी कापण्यापासून. तुटलेली जाळी तशीच ठेवू नये. एका बाजूला ताण आणि दुसरी बाजू सैल, अशा अवस्थेत चौकट वाकते. कापताना मध्यभागापासून कडेकडे, चारही दिशांना थोडे थोडे कापत जावे. मग रॅकेट यंत्रावर बसवून आधार हलके कसावेत. उभ्या तारा मधल्या दोन भोकांपासून सुरू करून एक डावीकडे, एक उजवीकडे अशा आळीपाळीने ओढाव्यात. एका बाजूच्या तारा दुसरीपेक्षा दोन-तीनने पुढे गेल्या की चौकटीवर तिरका ताण येतो, आणि रॅकेट मोडण्याचा धोका मुख्यत्वे याच टप्प्यावर असतो. उभ्या पूर्ण झाल्या की आडव्या. बॅडमिंटनमध्ये आडव्या तारांना उभ्यांपेक्षा सुमारे दोन पाउंड ताण अधिक देण्याची पद्धत आहे, जेणेकरून चौकटीचा आकार मूळचा राहतो. आडवी तार ओवताना एखादी घर चुकली तर तेथपर्यंतचे सारे उसवावे लागते. तार उभ्या तारांवरून सरकन ओढली तर घासून कापली जाते, म्हणून तिला किंचित वळण देत न्यावी. शेवटी गाठी. गाठ घट्ट बसली नाही तर शेवटच्या तारेचा ताण हातोहात निघून जातो.

कोणत्या भोकातून सुरुवात, कोणत्या भोकात गाठ, एकच लांब तार वापरायची की उभ्या-आडव्यांसाठी दोन, हे रॅकेटगणिक बदलते. टेनिसमध्ये १६ उभ्या आणि १९ आडव्या तारांची मांडणी सर्रास आढळते, काही रॅकेटमध्ये १८ आणि २० असतात. उत्पादक कंपन्या आपापल्या रॅकेटचे तक्ते देतात. ते छापून भिंतीवर लावावेत. अंदाजाने काम करू नये.

शिकण्यासाठी नागपूर, अमरावती किंवा पुण्याच्या एखाद्या कारागिराजवळ काही दिवस बसणे हाच उत्तम मार्ग होय. इंटरनेटवरील चित्रफिती क्रम समजण्यासाठी उपयोगी आहेत, पण तारेचा ताण बोटांना कसा लागतो, हे त्या शिकवू शकत नाहीत. परिचितांकडून मोडीत काढलेल्या पंचवीसेक रॅकेट जमवाव्यात आणि त्यांवर पुन्हा पुन्हा विणावे. पहिल्या रॅकेटला दोन-तीन तास लागले तरी खचून जाऊ नये. हात बसल्यावर तेच काम पाऊण तासात होते. जोवर सलग दहा रॅकेट विनाचूक उतरत नाहीत, तोवर दुसऱ्याची महागडी रॅकेट हातात घेऊ नये.

हिशेब

आता मुख्य मुद्दा. पुढील रकमा केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी गृहीत धरल्या आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी बाजारातील चालू भाव घालून पाहावेत.

बॅडमिंटनच्या एका रॅकेटला सुमारे १० मीटर तार लागते. २०० मीटरच्या रिळातून २० रॅकेट निघतात, सुरुवातीच्या चुका धरून १८-१९ म्हणू. (टेनिसला १२ मीटर लागत असल्याने १६ निघतात.) समजा रीळ ५ हजार रुपयांना पडले, तर एका रॅकेटमागे तारेचा खर्च २५० रुपये. ग्राहकाकडून ४०० घेतले तर हातात १५० राहतात. त्यातच मजुरी, वीज, जागा आणि नफा. समजा यंत्र आणि हत्यारांना २५ हजार लागले. १५० च्या हिशेबाने ते फिटण्यास १६७ रॅकेट विणाव्या लागतील. आठवड्याला पाच आल्या तर आठ महिने. आठवड्याला दोनच आल्या तर दीड वर्षाहून अधिक. आणि यात एकदा जरी ग्राहकाची ६ हजारांची रॅकेट आपल्या चुकीने मोडली आणि ती भरून द्यावी लागली, तर ४० रॅकेटची कमाई एका 'कट्ट' आवाजात गेली म्हणून समजा.

मग आठवड्याला किती रॅकेट येतील? हे आधी मोजता येते आणि मोजावेच. खेळाडूंमध्ये एक ढोबळ नियम प्रचलित आहे : आठवड्यात जितके दिवस खेळता, तितक्या वेळा वर्षात जाळी बदला. समजा एका हॉलमध्ये ४० जण आठवड्याला तीन दिवस खेळतात. नियमाप्रमाणे वर्षाला १२० रॅकेट व्हायला हव्यात. पण आपल्याकडे तार तुटल्याशिवाय बदलण्याची रीत नाही. तेव्हा निम्म्या, म्हणजे ६० धरा. आठवड्याला एकाहून थोडी अधिक. याचा सरळ अर्थ असा, की एका हॉलच्या जिवावर हा धंदा उभा राहत नाही. तीन-चार ठिकाणचे खेळाडू बांधून घ्यावे लागतील, अन्यथा यंत्र फिटायलाच पावणेतीन वर्षे जातील.

यासाठी दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ वही घेऊन कोर्टावर जावे. यवतमाळात नेहरू स्टेडियमचा परिसर आणि महाविद्यालये, शिवाय पुसद, वणी, दिग्रस, उमरखेड, पांढरकवडा येथील खेळण्याच्या जागा अशा ठिकाणी किती जण खेळतात, कितीजणांची रॅकेट महाग आहे, सध्या गटिंग कोठून करून आणतात, किती दिवस लागतात, काय मोजतात, हे विचारावे. यंत्र विकणारा ही माहिती देणार नाही, त्याला यंत्र विकावयाचे असते.

पूर्ण वेळचा व्यवसाय म्हणून याकडे पाहणाऱ्यांची येथे निराशा होण्याचा संभव अधिक आहे. आधीच क्रीडा साहित्याचे, सायकलचे वा स्टेशनरीचे दुकान असलेल्या व्यक्तीला, क्रीडाशिक्षकाला किंवा घरी राहून चार पैसे मिळवू इच्छिणाऱ्या गृहिणीला मात्र हे काम उत्तम जोड देऊ शकते. गटिंगला आलेला माणूस दांड्याची ग्रिप बदलतो, फुलांचा डबा घेतो, मोजे घेतो. कित्येकदा मजुरीपेक्षा या विक्रीतच अधिक सुटते.

भांडवल आणि कागदपत्रे

कर्जाच्या वाटा आहेत. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजार रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते आणि या धंद्याला तेवढे पुरते. मोठ्या दुकानाचा विचार असेल तर प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम या अनुदानाच्या योजना आहेत, त्यांची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी. जुलै २०२० पासून सुरू असलेली 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. ती करून देण्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार नोंदणीऐवजी केवळ सूचना द्यावी लागते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर जीएसटी नोंदणीची सर्वसाधारणपणे गरज नाही, आणि गटिंगवर ती मर्यादा ओलांडणे ही सुखाची चिंता म्हणावी लागेल.

कर्ज मिळते म्हणून घ्यावेच, असे मात्र नाही. कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो आणि रॅकेट हंगामाने येतात, ही विसंगती शेतकऱ्यांच्या या जिल्ह्याला समजावून सांगावयास नको. स्वतःच्या बचतीत बसणारे यंत्र घेऊन सुरुवात करणे, हाच त्यातल्या त्यात निर्धोक मार्ग.

वही आणि चिठ्ठी

प्रत्येक रॅकेटची नोंद वहीत हवी : तारीख, नाव, रॅकेटचा प्रकार, तार, ताण, आणि आधीपासून असलेली तडा-टवका. ही शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. रॅकेट घेतानाच ग्राहकासमोर चौकटीवरून बोट फिरवून पाहावे, तडा दिसली तर दाखवावी, चिठ्ठीवर लिहून सही घ्यावी. नंतर 'तुमच्याच यंत्रावर मोडली' हा वाद उद्भवत नाही. ओळखीच्या माणसाकडून सही घेण्याचा संकोच वाटतो. ओळखीच्यांशीच वाद अधिक कडवट होतात, हे लक्षात घेऊन तो संकोच बाजूला ठेवावा. चूक आपली असेल तर नुकसानभरपाई कशी व किती, हेही चिठ्ठीवर आधीच छापलेले असावे.

वहीचा दुसरा फायदा सातत्याचा. सहा महिन्यांनी आलेल्या खेळाडूला 'मागच्या वेळी २३ होते, ते कडक वाटले का?' असे विचारणारा कारागीर त्याच्या लक्षात राहतो. तारेच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. नामांकित कंपन्यांच्या नावाने बनावट माल बाजारात येतो. संशयास्पद स्वस्त रीळ मिळाले तर त्याचा मोह टाळावा आणि अधिकृत विक्रेत्याचे बिल फाईलला लावून ठेवावे.

सुरुवात कधी करावी, याचेही गणित आहे. मे महिन्यात हात शिकून घ्यावा, उन्हाळी शिबिरांतील मुलांच्या रॅकेटवर तो पक्का करावा. पावसाळा लागला की मैदानी खेळ थांबतात आणि हॉलमधली गर्दी वाढते. त्यापाठोपाठ तालुका, जिल्हा आणि विभाग पातळीवरच्या शालेय स्पर्धा येतात. स्पर्धेच्या दिवशी आयोजकांची परवानगी घेऊन हॉलच्या कोपऱ्यात टेबल मांडावे. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये गटिंगसाठी स्वतंत्र खोलीच असते, येथे एक कोपरा पुरे. वजनाच्या यंत्राला प्लग लागत नाही, ते एसटीच्या मागच्या सीटवर पिशवीत बांधून पुसदला नेता येते. सकाळच्या फेरीत तार तुटलेल्या मुलीला दुपारच्या फेरीआधी तिची स्वतःची रॅकेट परत मिळाली, की पुढच्या आठवड्यात तिच्या शाळेतल्या आणखी चार रॅकेट येतात.